स्प्लिंटर सेलचा पुढचा भाग: आधी अंधार परत द्या

प्रश्न असा आला आहे: "स्प्लिंटर सेलचा नवा भाग खरंच येणार आहे का? रिमेकची घोषणा होऊन वर्षं लोटली, दिसत काहीच नाही. आणि आलाच, तर लेव्हल डिझाइन करणाऱ्या माणसाच्या मते त्यात काय असायला हवं? की आम्ही चाहते उगाच जुन्या आठवणी उगाळत बसलोय?"

गार्ड कुठे उभा करायचा, दिवा कुठे टांगायचा आणि खेळाडूला निसटायला फट कुठे ठेवायची, हे माझं रोजचं काम. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर मी बराच वेळ घेणार आहे. पहिला आधी उरकतो.

स्प्लिंटर सेल ही युबिसॉफ्ट कंपनीची, अंधारात लपून हेरगिरी करायची गेम मालिका. तिच्यातला शेवटचा पूर्ण गेम ब्लॅकलिस्ट. तो ऑगस्ट 2013 मध्ये आला आणि त्याची विक्री कंपनीच्या अपेक्षेइतकी झाली नाही. त्यानंतर मालिकेचा नायक सॅम फिशर कंपनीच्या दुसऱ्या गेममध्ये पाहुणा म्हणून सगळीकडे जेवून आला, स्वतःच्या घरी मात्र चूल पेटली नाही. 2018 मध्ये घोस्ट रिकॉन वाइल्डलँड्समध्ये एक मिशन, 2020 मध्ये ब्रेकपॉइंट, त्याच वर्षी रेनबो सिक्स सीजमध्ये 'झीरो' या नावाने, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर डेथवॉच ही ॲनिमेशन मालिका. डिसेंबर 2021 मध्ये युबिसॉफ्टने जाहीर केला तो 2002 च्या पहिल्या गेमचा रिमेक, म्हणजे तोच गेम नव्याने बांधणं. टोरांटोचा स्टुडिओ, स्नोड्रॉप इंजिन (गेम ज्यावर बांधतात ते सॉफ्टवेअर), ओपन वर्ल्ड (मोकळं भटकायचं एक मोठं जग) नाही, एवढं तेव्हाच सांगितलं. 2022 मध्ये वीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा थोडी कॉन्सेप्ट आर्ट दाखवली. सीक्वल असा अजून कुठेही जाहीर झालेला नाही. तो यायचा तर या रिमेकच्या पाठीवर बसूनच येईल, असा माझा अंदाज.

घोषणा झाली म्हणजे गेम आला, असं मात्र धरू नका. पुण्या-मुंबईत या धंद्यात असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रिन्स ऑफ पर्शियाच्या सँड्स ऑफ टाइमचा रिमेक सप्टेंबर 2020 मध्ये ट्रेलरसकट जाहीर झाला, तो युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होता. एवढ्या मोठ्या नावाचा गेम इथून होतोय म्हणून सगळ्यांनाच हुरूप आला होता. ट्रेलरमधल्या ग्राफिक्सवर टीका झाली, तारखा पुढे गेल्या, 2022 मध्ये काम मॉन्ट्रियलकडे गेलं आणि 2026 च्या जानेवारीत तो प्रकल्प रद्दच झाला. ट्रेलर आधी आणि गेम नंतर, या क्रमाची किंमत त्या कंपनीला आता चांगली ठाऊक आहे. टोरांटोवाले गप्प बसलेत याचा मला म्हणूनच फारसा राग येत नाही.

आता चाहत्यांच्या अपेक्षांबद्दल. कंपनीचे प्रमुख इव्ह गिलेमो यांनी 2019 मध्ये एका मुलाखतीत म्हटलं होतं की मागच्या वेळी 'हे बदलू नका, ते करू नका' असा चाहत्यांचा इतका दबाव आला की काही टीम या मालिकेला हात लावायला कचरायला लागल्या. यावर चाहते चिडले. मला त्यात थोडं तथ्य दिसतं आणि थोडी पळवाटही. तथ्य यासाठी की चाहत्यांच्या याद्या खरोखर एकमेकींना छेद देतात. एकाला सॅमचा जुना आवाज, म्हणजे मायकेल आयर्नसाइडचा, हवा, दुसऱ्याला नवा तरुण सॅम हवा, तिसऱ्याला स्पाइज व्हर्सेस मर्क्स (खेळाडूंनी एकमेकांविरुद्ध खेळायचा प्रकार) सोडून बाकी कशाशी देणंघेणं नाही. पळवाट यासाठी की या सगळ्या याद्यांच्या तळाशी एक मागणी समान आहे आणि ती गेली पंधरा वर्षं बदललेली नाही: मला अंधारात लपू द्या, आणि मी लपलोय की नाही हे मला आधी कळू द्या.

ही मागणी वाटते तेवढी सोपी नाही, म्हणून जरा खोलात जातो.

2002 च्या गेममध्ये कोपऱ्यात एक लाइट मीटर होता. त्यातला काटा डावीकडे गेला की तुम्ही दिसत नाही, उजवीकडे गेला की उजेडात आहात. पडद्यावर काय दिसतंय हे असले गेम बघत नाहीत. सॅमच्या शरीरावर काही ठिकाणी प्रत्येक दिव्याचा उजेड पोचतो की मध्ये काही आडवं येतं, याचा हिशेब केला जातो आणि त्यातून एक आकडा निघतो. त्या काळात दिवे मोजके असत आणि सावलीची कड धारदार असे. पट्टीने आखल्यासारखी सीमा: इकडे काळोख, तिकडे उजेड. पाऊल कुठे टाकायचं ते डोळ्यालाच कळायचं. मीटर फक्त खात्री करायला.

आजच्या इंजिनांत उजेड भिंतीवर आपटून परत येतो, तिथून छतावर, तिथून पुन्हा जमिनीवर. खऱ्या खोलीत असंच होतं आणि दिसतं अप्रतिम. स्टेल्थ, म्हणजे लपून खेळायचा खेळ, करणाऱ्याची मात्र पंचाईत होते. पांढऱ्या भिंतीच्या खोलीत एक बल्ब लावला की काळा कोपरा शिल्लकच राहत नाही, सगळीकडे राखाडी. त्यात भर कॅमेऱ्याची: अंधाऱ्या खोलीत शिरलात की माणसाचा डोळा सरावतो तसं चित्र आपोआप उजळतं. खेळाडूला वाटतं आपण उजेडात आहोत, गेमच्या हिशेबाने तो अंधारात आहे. किंवा याच्या बरोबर उलट, आणि मग शिव्या. दहापैकी सात टेस्टर 'मी तर अंधारात होतो' म्हणून कंट्रोलर आपटतात, तेव्हा बहुतेक वेळा चूक त्यांची नसते. त्यात एकाचा टीव्ही भडक लावलेला, दुसरा दुपारी खिडकीशेजारी खेळतोय.

तेव्हा नव्या भागाचं ट्रेलर आलं की पहिल्यांदा काय बघावं? मी रे ट्रेसिंग (उजेडाचे किरण मोजून चित्र खरं भासवायचं तंत्र) बघणार नाही. अंधार आणि उजेड यांतली सीमा एका नजरेत कळते का, ते बघेन. मालिकेतल्याच केऑस थिअरीने 2005 मध्ये हे रंगावर निभावलं होतं. लपायच्या जागा निळसर थंड, धोक्याच्या जागा पिवळ्या-नारिंगी उबदार. पूर्ण काळं तिथे फारसं काही नाहीच, त्यामुळे चित्रही दिसतं आणि अर्थही कळतो. मालिकेतल्या 2010 च्या कन्व्हिक्शनने वेगळी युक्ती काढली: लपलात की पडद्यावरचे रंगच जायचे, सगळं कृष्णधवल. समजायला फारच सोपं. पण लपून खेळणाऱ्याने अर्धाअधिक गेम कृष्णधवल बघायचा, म्हणजे रंगकाम करणाऱ्या आर्टिस्टने रडायचंच. नाइट व्हिजनचं तसंच आहे. अंधार इतका गडद केला की खेळाडू ते गॉगल लावूनच बसतो, मग तुम्ही केलेली लाकडावरची पॉलिश कोण बघतो?

ही विद्या कंपनीतून नाहीशी झालेली नाही. मार्च 2025 मध्ये आलेल्या असॅसिन्स क्रीड शॅडोजमध्ये नायिका नाओए दिवे विझवते, पोटावर सरपटते, आणि ती सावलीत आहे की नाही ते पडद्यावर दिसतं. सामुराईंच्या जपानात, एवढ्या मोठ्या ओपन वर्ल्डमध्ये हे जमवलं, तर बंदिस्त इमारतींच्या गेममध्ये न जमायला काही कारण नाही. दुसरीकडे स्नोड्रॉपवरच बनलेला 2024 चा स्टार वॉर्स आउटलॉज आठवा. दिसलात की मिशन संपलं, अशा त्यातल्या सक्तीच्या स्टेल्थवर इतकी टीका झाली की तो भाग पुढे अपडेटने बदलावा लागला.

आणि इथेच रिमेकची खरी परीक्षा आहे, कारण हा दोष मूळ गेममध्येही होता. 2002 च्या गेममधल्या कित्येक मिशनमध्ये तीन अलार्म वाजले की खेळ खलास. आज तेच जसंच्या तसं दिलं तर नवा खेळाडू तासाभरात उठून जाईल. जुना चाहता 'हीच तर मजा' म्हणेल. मला तो चाहता आवडतो, पण त्याचं ऐकू नये.

केऑस थिअरीने यावर जे उत्तर काढलं त्याच्या पुढे आजही फारसं कोणी गेलेलं नाही. अलार्म वाजला तरी मिशन चालू राहतं, फक्त गार्ड हेल्मेट आणि बुलेटप्रूफ जॅकेट घालून येतात, अधिक सावध होतात. तुमच्या चुकीची किंमत पुढच्या वीस मिनिटांवर पसरते. मेटल गियर सॉलिड फाइव्हने 2015 मध्ये हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली: सतत डोक्यात गोळ्या घालत राहिलात की शत्रू हेल्मेट वाटून घेतात. गार्डने लक्षात ठेवावं, पण सूड म्हणून नव्हे, असा तोल हवा. कारण गार्डने सगळंच लक्षात ठेवलं तर पहिल्या चुकीनंतर प्रत्येक जण क्विक सेव्ह लोड करणार, म्हणजे चुकीच्या आधी जतन केलेल्या क्षणाला परत जाणार. मग तुम्ही बनवलेली ती हुशार यंत्रणा कोणी बघतच नाही.

चाहत्यांची एक ठरलेली मागणी असते: गार्ड जास्त हुशार करा. माझ्याकडे दर प्रोजेक्टला हे कोणीतरी घेऊन येतं. खरोखर हुशार गार्ड बनवणं अवघड नाही. मित्राचा आवाज बंद झाला की तो वायरलेसवर कळवेल, पाठ भिंतीला लावेल आणि मदत येईपर्यंत जागचा हलणार नाही. असे चार गार्ड उभे केले की तुमचा गेम तिथेच थांबला. गार्डचं काम जिंकायचं नसतं. तो काय विचार करतोय हे खेळाडूला समजलं पाहिजे, म्हणून तो एकटा असूनही मोठ्याने बडबडतो. 'कोण आहे तिकडे?' हे वाक्य गार्डच्या तोंडी असलं तरी ते तुमच्यासाठी आहे. त्याचा अर्थ: मला शंका आली आहे, मी चालत येतोय, धावत नाही, तुझ्याकडे चार सेकंद आहेत. हा संवाद वगळून 'वास्तववादी' गार्ड केला की खेळाडूला फक्त गोळी लागल्याचं कळतं.

मला स्वतःला ज्या एका गोष्टीची भूक आहे ती सांगतो. केऑस थिअरीमध्ये पिस्तुलाला ओसीपी नावाचं उपकरण जोडलेलं होतं. दिव्यावर नेम धरून ते चालवलं की दिवा काही सेकंद मिटायचा, मग परत लागायचा. समजा, कॉरिडॉरच्या मध्यभागी एक बल्ब आहे, त्याखाली गार्ड आहे, आणि तुम्हाला पलीकडच्या दारापर्यंत जायचंय. गोळीने बल्ब फोडला तर अंधार कायमचा, पण काच पडल्याचा आवाज होतो आणि गार्डचा संशय पक्का. ओसीपी चालवलं तर त्याला वाटतं वायरिंग खराब आहे, तो वर बघत थबकतो, पण तुमच्याकडे वेळ अगदी मोजका. भिंतीवरचं बटण बंद केलं तर तो ते लावायला चालत येतो, म्हणजे त्याला हवं तिथे आणता येतं, फक्त तुम्ही त्याच्या वाटेत नसलं पाहिजे. एकाच बल्बवर तीन वेगळे निर्णय, तिन्हींची किंमत वेगळी. यात एकही कटसीन (मधला चित्रफितीचा तुकडा) नाही, एकही स्किल ट्री (नवी कौशल्यं मिळवायचा तक्ता) नाही. नव्या भागाला एवढंच करता आलं आणि प्रत्येक दिव्याबाबत करता आलं, तर बाकीच्या त्रुटी मी पोटात घालेन.

आवाजाचंही तसंच. त्याच गेममध्ये आवाजाची पट्टी होती आणि तिच्यावर आजूबाजूच्या गोंगाटाची एक खूण. तुमचा आवाज त्या खुणेच्या खाली राहिला तर गार्डला ऐकू येत नाही. जनरेटरशेजारी खूण वर सरकते, तिथे बिनधास्त चाला. शांत गालिच्याच्या खोलीत ती खाली येते, तिथे श्वास रोखून. सुरुवातीचीच पेरू देशाच्या किनाऱ्यावरची दीपगृहाची मिशन वादळात घडते, आणि ढगांच्या गडगडाटाशी पावलं जुळवण्यात वेगळीच गंमत आहे. त्याच मिशनमध्ये तंबूचं कापड चाकूने फाडून आत जाता येतं. 1998 च्या थीफमध्ये फरशी आणि गवत यांच्या आवाजातला फरक होताच, पण 'बाहेरचा गोंगाट माझ्या कामाचा' हे इतक्या स्पष्टपणे दाखवलं ते केऑस थिअरीने. आज तर स्पेशियल ऑडिओ, म्हणजे आवाज कोणत्या दिशेने येतोय ते कळवणारं तंत्र, हेडफोनमध्ये सर्रास आलाय. तरी या बाजूने कोणी फार विचार केलेला दिसत नाही, हे मला कोडंच आहे.

ओपन वर्ल्ड नको, हे जवळपास सगळेच म्हणतात. मीही म्हणतो, पण माझं कारण थोडं वेगळं आहे. शंभर चौरस किलोमीटरमधल्या प्रत्येक बल्बचा विचार करणं कोणत्याही टीमला शक्य नाही, आणि ज्या बल्बचा विचार झालेला नाही तो स्टेल्थमध्ये निव्वळ सजावट ठरतो. मात्र बंदिस्त लेव्हल म्हणजे बोगदा नव्हे. केऑस थिअरीतली पनामाची ती बँक आठवा: आत शिरायच्या वाटा एकाहून जास्त, पुढे तिजोरीकडे नेणारं लेझरचं जाळं, आणि सगळं मिळून एका इमारतीएवढं. एवढा आकार पुरेसा असतो. 2016 पासूनच्या हिटमॅन गेम्सनी दाखवून दिलंय की मोजक्या पण दाट लेव्हल लोक वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा खेळतात.

ब्लॅकलिस्टबद्दल एक वाक्य त्याच्या बाजूने. चाहते त्याला उगाच झोडपतात. घोस्ट (कोणाला न दिसता), पँथर (लपून मारत) आणि ॲसॉल्ट (उघड लढत) अशा तीन पद्धतींना गुण देण्याच्या हट्टामुळे त्याच्या लेव्हल सगळ्यांना खूश करायला गेल्या हे खरं, पण परफेक्शनिस्ट डिफिकल्टीवर खेळून बघा. तिथे मार्क अँड एक्झिक्यूट (शत्रूंवर खुणा करून एका झटक्यात सगळ्यांना टिपणं) नाही, गॉगलमधून भिंतीपलीकडचं दिसत नाही, आणि गेम अचानक सरळ होतो. म्हणजे चांगला स्टेल्थ गेम त्याच्या पोटात होता, वर दुसऱ्या दोन गेमचं ओझं होतं.

सॅमच्या आवाजाचा वाद मी टाळतो आहे असं वाटू नये. आयर्नसाइड यांचा आवाज मलाही हवा. ब्लॅकलिस्टमध्ये एरिक जॉन्सनने काम वाईट केलं नव्हतं, पण थकलेल्या, आपल्याच जोकवर न हसणाऱ्या माणसाचा तो घसा त्याच्याकडे नव्हता. वाइल्डलँड्समध्ये आयर्नसाइड परत आले आणि तिथे सॅमला कळतं की बंडाना बांधणारा तो दुसरा म्हाताराही निवृत्त झाला, तेव्हा तो म्हणतो की आता मी एकटाच उरलो. मेटल गियर या दुसऱ्या स्टेल्थ मालिकेतल्या स्नेकला त्यांनी दिलेला तो निरोप ऐकून कित्येकांच्या घशात आवंढा आला. पण आयर्नसाइड यांचा जन्म 1950 चा. त्यांच्यावर पुढच्या तीन भागांचा डोलारा उभा करता येणार नाही, आणि डेथवॉचमध्ये लिएव श्रायबर यांचा सॅम लोकांनी बऱ्यापैकी पचवला. म्हणजे जखम भरते.

स्पाइज व्हर्सेस मर्क्स मात्र नक्की हवं, आणि वेगळ्या टीमकडून. पँडोरा टुमॉरोमध्ये 2004 साली हा प्रकार आला: दोन हेर, दोन भाडोत्री सैनिक, हेर पाठीमागच्या कॅमेऱ्यातून बघतात आणि सैनिक स्वतःच्या डोळ्यांनी, हातात टॉर्च. एका बाजूला माहिती जास्त, दुसऱ्या बाजूला बंदुका जास्त. तेव्हा हे विचित्र वाटलं होतं. 2016 च्या डेड बाय डेलाइटनंतर असमान बाजूंच्या खेळाला मोठा प्रेक्षक आहे हे कोणाला पटवावं लागत नाही. को-ऑपबद्दल, म्हणजे दोघांनी मिळून खेळायच्या प्रकाराबद्दल, मी फार बोलत नाही. असला तर छान, नसला तरी चालेल.

तर रिमेककडून माझी अपेक्षा माफक आहे: 2002 च्या नकाशांवर 2005 चे नियम. तिबलिसीचं पोलीस ठाणं, कॅलिनाटेक कंपनीची इमारत, कोणालाही मारायची परवानगी नसलेलं सीआयएचं मुख्यालय या जागा आजही उत्तम आहेत. तीन अलार्मचा दंडुका काढा आणि आवाजाची ती पट्टी आणा. लाइट मीटर पर्याय म्हणून सेटिंग्जमध्ये दडवू नका, पडद्यावर ठेवा. कथा आजच्या काळाला धरून पुन्हा लिहिली तरी माझी हरकत नाही, मूळ कथेसाठी कोणी तो गेम तीन वेळा खेळलेला मला माहीत नाही. हे जमलं आणि विकलं गेलं, तर सीक्वलची मागणी तुम्हाला करावीच लागणार नाही. तो कंपनीच मागेल.

तोवर काय करावं, तर केऑस थिअरी पीसीवर खेळा. आपल्याकडच्या अनेकांचा तो हुकलेला असतो, त्याला एक मजेशीर कारण आहे: त्यावर स्टारफोर्स नावाचं इतकं चिवट कॉपी प्रोटेक्शन होतं की वर्षभराहून जास्त काळ त्याची चोरटी प्रत निघालीच नाही, आणि तेव्हा इथली निम्मी जनता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरच्या सीडीवर जगत होती. ती येईपर्यंत लोक पुढच्या गेमकडे वळले. आज तो सेलमध्ये किरकोळ किमतीत मिळतो. रुंद स्क्रीनसाठी चाहत्यांनी बनवलेला पॅच आधी टाका, नाहीतर चित्र ताणलेलं दिसतं. माउसच्या चाकाने सॅमचा चालायचा वेग बदलतो, हे पहिल्या दहा मिनिटांत हाताला बसवा. कीबोर्डवर असं वेगाचं नियंत्रण नंतरच्या गेममध्ये क्वचितच मिळतं. आणि बँकेच्या मिशनमध्ये कोणालाही बेशुद्ध न करता बाहेर पडायचा प्रयत्न करा. शेवटी टक्केवारीचा हिशेब येतो. शंभर आले नाहीत तर कुठल्या दिव्याखाली चुकलात ते आठवून मला सांगा, त्यावर वेगळं बोलू.